कोणता पिवळा?

"आधी उजेडात चला," असं म्हणून आप्पा गिऱ्हाइकाचा दंड धरायचे आणि त्याला दुकानाबाहेर रस्त्यावर आणून उभं करायचे. गिऱ्हाईक सुतार असो की सोसायटीचा चेअरमन, दुकानात ट्यूबखाली आप्पांनी कुणाला कधी रंग दाखवला नाही. ट्यूब खोटं बोलते, असं त्यांचं ठाम मत होतं. बाहेर आल्यावर गिऱ्हाईक डोळे बारीक करून म्हणायचं, "पिवळा द्या." त्यावर आप्पांचा दुसरा प्रश्न ठरलेला असायचा. "कोणता पिवळा?"

इथं भलेभले गडबडायचे. तुम्हीही गडबडला असता. कुणी "साधा पिवळा" म्हणालं तर आप्पा त्याच्याकडे जरा वेळ दयेनं बघायचे. "साधा पिवळा आसा रंग नसतो. हळद पिवळी, डाळ पिवळी, लिंबू पिवळं. बंगल्याला काय लावू तुमच्या?" मांडवगण फराट्याचा एक बागाईतदार यावर एवढा चिडला की तडक शिरूरला जाऊन रंग घेऊन आला. दिवाळीनंतर तोच परत आला, स्वतःहून उजेडात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "डाळ."

न्हावऱ्यात एसटी थांबते तिथं त्यांचं रंगाचं दुकान आणि माझं झेरॉक्स-फोटोचं, आणि मध्ये एकच भिंत. वयानं ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. माझ्या कलेबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. "तुझ्या फोटोत सगळं गाव गोरं," ते म्हणायचे.

"गिऱ्हाइकाला तसंच हवं असतं, आप्पा."

"आसंल. पन उद्या पोलिसांनी वळखायचं कुनाला?"

आता मूळ विषयाकडे येतो. जेवायला बसला असाल तर पुढचं नंतर वाचा.

आमच्याकडची लहान मुलं शिरूरच्या एका डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर हुशार आणि फोन उचलणारे. बाळ रडतंय, दूध टाकतंय, असं काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "शीचा रंग कोणता?" आणि तिथंच घराघरांत भांडण लागतं. आई म्हणते हिरवी, सासू म्हणते पिवळी, बाप म्हणतो मी बघितलीच नाही. असंच एक भांडण एकदा आमच्या आळीतून रस्त्यावर आलं, लंगोटासकट. आप्पांनी सासू-सुनेला गप्प केलं, चष्मा पुसला, लंगोट उन्हात धरला आणि शेड कार्डाची एक पट्टी त्याच्या शेजारी लावली. मग निकाल दिला, "मोहरीचा पिवळा. जरा हिरव्याकडं कललेला." सुनेनं फोनवर शब्दाला शब्द तसंच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, अंगावर पिणाऱ्या बाळाची अशीच असते, आणि इतकं नीट सांगितलंय कुणी?

झालं, तेव्हापासून रिवाजच पडला. नव्या बाळाची पहिली, डांबरासारखी काळी. लोहाचे थेंब सुरू झाल्यावरची काळपट हिरवी. पहिल्यांदा बीट चाखलेल्या पोराची लाल, जिच्यापायी अख्खं घर रडत आलं होतं. आप्पा सगळं एकाच चेहऱ्यानं बघायचे, नाकाला रुमाल लावायचे नाहीत. "रंग मी सांगतो, रोग डॉक्टर सांगतील," हे मात्र प्रत्येकाला बजावायचे. दौंडकडचा एक तरुण बाप गाडीच्या डिकीत डायपर घेऊन आला, तेव्हा मी म्हणालो, "अरे, फोटो पाठवायचास की." तो काही बोलायच्या आत आप्पाच बोलले. "घरातला बल्ब पिवळा आन् मोबाईल बल्बाहून श्याना. फोटोवर रंग सांगत नसत्यात." पाहुण्यासमोर माझ्या धंद्याची एवढी किंमत केल्यावर ते डायपरकडे वळले.

त्यांच्या शेड कार्डाचा खिळा केव्हाच तुटला होता. सगळ्या पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात सुट्या पडलेल्या असायच्या, कसल्याही क्रमाशिवाय. पट्टीवर खाली बारीक इंग्रजीत रंगाचं नाव छापलेलं असतं, ते आप्पांनी कधी वाचलं नाही. डब्यात हात घालायचा, डोळ्याला पटेल ती पट्टी काढायची. ती दर वेळी तंतोतंत जुळायची.

आता टोपीचं सांगायला हवं. आप्पा डोक्याला कायम पांढरी टोपी घालायचे. मधे एकदा त्यांच्या मनानं घेतलं की त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, टोप्या नीट धूत नाहीत, टोप्या पिवळ्या पडतात. काकूंनी साबण बदलला. मग नीळ घातली. तरी आप्पांचं समाधान होईना, "आजून पिवळीच हाय." काकू बिचाऱ्या निळीचे थेंब वाढवत गेल्या. शेवटी आप्पांना हवी तशी पांढरीशुभ्र टोपी त्यांच्या डोक्यावर चढली, आणि ती अख्ख्या गावाला निळी दिसायला लागली. एसटीच्या पाटीइतकी नाही, पण निळी. रंगाच्या दुकानदाराला त्याच्या टोपीचा रंग सांगणार कोण? मीही नाही सांगितला. माणूस हौशी आहे, असं म्हणून गाव गप्प बसलं.

त्यांची धाकटी लेक रूपाली कासुर्डीला दिली होती. सासरी मोठा गोठा. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. महिना उलटून गेला तरी बाळाच्या डोळ्यांत पिवळसर झाक होती. कोवळ्या उन्हात धरा, जाईल, असं येणारी-जाणारी प्रत्येक बाई सांगायची. बाळ हसायचं, दूध प्यायचं, दिसायला चांगलं होतं. रूपालीला घोर लागला होता तो शीचा. दिवसेंदिवस ती फिकट होत होती आणि आता पांढरीच दिसायला लागली होती.

भेटायला आलेल्या विहीणबाईंना त्यात काळजीचं काही वाटेना, उलट कौतुक वाटलं. "दुधाच्या घरचं लेकरू हाय. आई तांब्या तांब्या दूध पिती, मग शी पांढरीच व्हनार न्हवं का?" काकूंनाही ते पटलं. गोठ्याच्या भागात राहून हे न पटणं अवघडच आहे. रूपालीला पटलं नाही, पण बाळंतिणीचं ऐकतो कोण? बाळंतिणीच्या खोलीत आप्पा जात नसत, त्यामुळे गावभराचे लंगोट बघणाऱ्या माणसानं घरचा लंगोट बघितलाच नव्हता. शेवटी ती म्हणाली, "आप्पांना दावते. त्ये म्हनतील त्ये खरं." यावर दोघी तयार झाल्या.

सकाळी दुकान उघडायच्या वेळी त्या तिघी आल्या. बाळ विहीणबाईंच्या हातांवर होतं. मी शटर वर करत होतो. आप्पा लेकीला म्हणाले, "आधी उजेडात चल." लंगोट उन्हात धरून त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाले, "पिवळी हाय की. फिकी हाय, पन पिवळीच."

विहीणबाई हसल्या. काकूंनी देवाला हात जोडले. रूपाली लंगोटाकडेच बघत राहिली. आप्पांनी सवयीनं डब्यात हात घातला, पट्टी काढून लंगोटाशेजारी लावली. तंतोतंत जुळली. मी डोकावलो आणि माझंही सवयीनं खालच्या अक्षरांकडे लक्ष गेलं.

"आप्पा, ही पांढऱ्यातली पट्टी आहे."

"कोन म्हनतं?"

"खाली छापलंय. चॉक व्हाइट."

"छापनाऱ्याची चूक."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पट्टीशेजारी धरली. "ह्यो बघ पांढरा. आन् ह्यो पिवळा. आंधळ्याला बी दिसंल."

काकू खाली बघायला लागल्या. मग रूपालीच बोलली, एकदम हळू. "आप्पा, टोपी निळी हाय. वरीस झालं, निळीच हाय."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंच्या डोळ्यांना पदर लागला होता. मग ते पुन्हा टोपीकडे, पट्टीकडे आणि लंगोटाकडे असं फिरून फिरून बघत राहिले. मला वाटलं होतं, आता ते आमच्या सगळ्यांवर उखडणार. चाळीस वर्षं ज्यानं दुसऱ्याचा रंग मान्य केला नाही, तो रस्त्यात उभा राहून स्वतःचा कसा सोडेल? पण त्यांनी टोपी दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि म्हणाले, "म्हंजी शी पांढरी हाय."

"दुधानं वो, पाव्हणं," विहीणबाई म्हणाल्या.

"विहीणबाई, मी माझा शबूद माघारी घेतला. तुमी बी घ्या." मग माझ्याकडे वळून, "गाडी काढ."

बाळ, रूपाली, काकू, विहीणबाई, आप्पा आणि पिशवीत बांधलेला लंगोट, असे सगळे माझ्या व्हॅनमधून शिरूरला गेलो. आप्पांची टोपी पायरीवरच राहिली. त्यांना बोडक्या डोक्यानं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. विहीणबाईंनी बाळाला पोटाशी असं धरलं होतं की रूपालीला ते मागून घ्यावं लागलं.

डॉक्टरांनी लंगोट बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी बाळाचं पोट चाचपलं, लघवी गडद होते का विचारलं. रूपाली म्हणाली, होते, लंगोटाला डाग पडतात. मग त्यांनी समजावून सांगितलं. यकृतातलं पित्त एका नळीतून आतड्यात उतरतं आणि शीला रंग त्यानंच येतो. ती नळी बंद असेल तर शी अशी पांढरी होते. आईच्या दुधाचा, खाण्यापिण्याचा याच्याशी संबंध नाही. पुण्याला तपासण्या करायच्या, आणि नळीचंच निघालं तर ऑपरेशन. बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झालं तर चांगलं, जितका उशीर तितकं यकृत खराब होतं.

"म्हंजी पांढऱ्या डब्यात रंगाची बाटली पिळलीच न्हाई," आप्पा म्हणाले.

"तसंच." डॉक्टरांनी वर बघितलं. "न्हावऱ्याचे ते रंगवाले तुम्हीच ना?"

"व्हतो," आप्पा म्हणाले.

पुण्यात ते नळीचंच निघालं. ऑपरेशन झालं. दरम्यान आप्पांचेही डोळे तपासले होते. मोतीबिंदू वाढला होता, त्यानं त्यांना सगळं जग पिवळं दिसत होतं. त्यांनाही लगेच ऑपरेशन सांगितलं होतं. ते म्हणाले, "आधी तिचं." पुढे पोरीचं मार्गी लागल्यावर त्यांनी डोळे करून घेतले, पट्टी सुटल्यावर घरी येऊन टोप्यांची चळत बघितली आणि काकूंना एवढंच म्हणाले, "गावात फिरवलंस मला." त्या टोप्या त्यांनी टाकल्या नाहीत, वापरून संपवल्या.

गेल्या थंडीत आप्पा गेले. दुकान आता पुतण्या चालवतो. तिथं रंग कालवायचं मशीन आलंय, गिऱ्हाईक आतच उभं राहतं, ट्यूबखाली. नात कासुर्डीच्या अंगणवाडीत जाते. तिला अधूनमधून पुण्याला दाखवावं लागतं, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. पण ती आहे, आणि कडेवर घ्यायला गेलं तर लाथा मारते. मधली एक सकाळ तेवढी सांगायची राहिली.

ऑपरेशन करून बाळाला न्हावऱ्याला आणलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, पित्त उतरायला लागलं की शीला रंग येईल, रोज बघा. सगळं घर एका रंगाची वाट बघत होतं, आणि घरात रंग ओळखणारा माणूस म्हणजे आप्पा, ज्यांचे डोळे अजून तसेच होते. त्या सकाळी रूपाली लंगोट घेऊन धावत दुकानापाशी आली. आप्पांनी लंगोट घेतला, बघितला नाही. "मला न्हाई कळनार," म्हणाले आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

पहिला उसाचा ट्रॅक्टर आला. आप्पांनी हात करून थांबवला. "रंग सांगा, पाव्हणं." ट्रॅक्टरवाल्यानं वाकून बघितलं. असल्या प्रश्नाचं इथं कुणाला नवल नव्हतं. "शेवाळावानी," तो म्हणाला.

"बराबर," आप्पा म्हणाले.

दुकानात डबा न्यायला आलेला बिहारचा पेंटर म्हणाला, "सरसों जैसा है, चाचा." हाच पेंटर कधीकाळी लिंबाला सोनेरी म्हणाला होता आणि दुपारभर त्याची शिकवणी झाली होती. आप्पा म्हणाले, "बराबर." मेथीची पेंढी घेऊन चाललेली एक म्हातारी म्हणाली, "उकडलेल्या भाजीगत दिसतंय." तेही बरोबर निघालं. एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं आणि आप्पा प्रत्येकाला बरोबर म्हणत होते. मग माझ्यासमोर आले. मी फोटोग्राफर माणूस, पण माझे डोळे भरून आले होते आणि मला धड काही दिसत नव्हतं. मी नुसती मान हलवली. त्यालाही ते बरोबरच म्हणाले.

तेवढ्यात शिरूरची एसटी येऊन थांबली. आप्पांनी लंगोट ड्रायव्हरच्या खिडकीशी उंच धरला. उन्हात, दोन्ही हातांनी. ड्रायव्हरनं एकदा लंगोटाकडे बघितलं, एकदा खाली आप्पांच्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाला, "पिवळा."

आप्पा हात तसेच वर धरून उभे राहिले. कोणता पिवळा, हे त्यांनी विचारलं नाही.