कडूबाचा हेल्ला

कापसाची दाबलेली गठाण चौघांनी उचलायची असते. तिघांनी जोर लावला आणि चौथ्याने अर्धा श्वास उशीर केला, की सगळं वजन एका कोपऱ्यावर येतं. त्या कोपऱ्यावरच्या माणसाची कंबर जाते. गेलेली कंबर परत येत नाही. म्हणून टोळीला हाकाऱ्या लागतो, हाक देऊन सगळ्यांना एका वेळी उचलायला लावणारा. जालन्याच्या मालधक्क्यावर आमच्या टोळीचा हाकाऱ्या कडूबा होता. टेंभुर्णीकडचा. मी रखमाजी, त्याचा जोडीदार. चौदा हंगाम आम्ही एकाच गठाणीला हात घातला.

त्याची हाक तीन शब्दांची. "वाकलाऽऽ" म्हटलं की गुडघे मोडायचे. "धरलाऽऽ" म्हटलं की हातातला आकडा गठाणीत रोवायचा. मग "हेऽऽल्ला!" पण 'हे' वर उचलायचं नाही. 'ल्ला' वर. त्याची जीभ टाळूवर आपटायची, आवाज फटकन तुटायचा आणि त्याच क्षणी चार पाठी सरळ व्हायच्या. चौदा हंगामांत आमच्या टोळीत एकाचीही कंबर गेली नाही. दुसऱ्या टोळ्यांत गेल्या. मी नावं सांगू शकतो.

टोळीतला फकरोद्दीन त्याला म्हणायचा, "कडूबा, इंजन की सीटी भी तेरे कू पूछ के बजती."

कडूबा म्हणायचा, "बजू दे. तू फकत तुह्या पोटाच्या आधी गठाण उचल."

धक्क्यावर एक रिवाज होता. हाकाऱ्याने स्वतः तंबाखू मळायची नाही. त्याचं ध्यान माणसांवर पाहिजे. त्याचा बार मळायचं काम जोडीदाराचं. मी दिवसाला बारा बार मळायचो. चुना लावून, चोळून, झटकून त्याच्या तळव्यावर द्यायचो. तो डाव्या गालात धरायचा. नेहमी डाव्याच.

फसली तेराशे सेहेचाळीसची, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे छत्तीसची दिवाळी झाली आणि त्याच्या डाव्या हिरडीवर पांढरा चट्टा आला. मग तिथं फोड झाला. तो म्हणाला, "रखमा, चुना जरा जास्ती घाल. जळालं की ठणका बंद होतो."

मी घातला. आम्हा हमालांचा खांदा सोलला की आम्ही हळद-चुना लावायचो. आग व्हायची, खपली धरायची, खांदा बरा व्हायचा. तोंडाचंही तसंच असेल असं आम्ही धरून चाललो. चार महिने मी त्याला दुप्पट चुन्याचा बार दिला. मन लावून मळला. कसर ठेवली नाही.

होळीला त्याच्या दोन दाढा न दुखता हातात आली. गाल सुजला. त्याची बायको सगुणाबाई धक्क्यावर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊजी, हे गठाणीचे नवरे हायेत का माहे? आजच्या आज दवाखान्यात न्या." गावातल्या डॉक्टरने तोंडात पाहिलं आणि हैदराबादच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. आम्ही तिघं गाडीत बसलो.

तिथले डॉक्टर परभणीकडचे. मराठी बोलायचे. त्यांनी बोट घालून हिरडी चाचपली, मान चाचपली, मग विचारलं, "तंबाखू किती?"

कडूबाने माझ्याकडे पाहिलं. "हा मळून देतो," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. मी बारा बार सांगितले. चुन्याचंही सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं आणि मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी कॅन्सर हा शब्द सांगितला आणि समजावला. डाव्या बाजूचं जबड्याचं हाड काढावं लागणार होतं.

"हाड काढल्यावर तोंडात काय राह्यल?" सगुणाबाईने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "उरलेलं हाड एका बाजूला ओढलं जातं. ते जागेवर राहावं म्हणून कडक रबराचा जबडा बसवू. आधी प्लास्टरचा साचा घेऊ, त्यावर कारागीर तो घडवेल. विलायतेत मोठ्या लढाईनंतर शिपायांचे जबडे पायाचं हाड लावून जोडायला लागलेत. इथं आज मला ते जमणार नाही. खोटं सांगत नाही." पुढे ते जमायला लागलं असं ऐकतो. चांगलं झालं.

कडूबाने एकच विचारलं, "हेल्ला म्हणता यील का?"

डॉक्टरांना कळलं नाही. मग कडूबा उठला, वाकला आणि त्या खोलीत त्याने पुरी हाक दिली. बाहेर दोन नोकर स्ट्रेचरपाशी उभे होते. त्यांनी रिकामं स्ट्रेचर उचललं. डॉक्टर हसले. सगुणाबाईही तोंडाला पदर लावून हसली. मग डॉक्टर चष्मा पुसत बसले.

"अन्न गिळता येईल," ते म्हणाले. "बोलणं घरच्या माणसांना समजेल. एवढंच मी सांगू शकतो."

कडूबाने कागदावर अंगठा दिला.

दोन महिन्यांनी तो परत आला. गाल खाली बसलेला, मानेवर लांब व्रण. रबराचा जबडा तांबूस होता, त्यात दात बसवलेले, उरलेल्या दातांना तारेने अडकवायचा. काम चोख होतं. मी हातात घेऊन पाहिलं, कुठं खरखर नव्हती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, मानेत गाठ लागली तर त्याच दिवशी निघून या.

पण जीभ एका बाजूला शिवलेली होती. टाळूला टेकत नव्हती. तो रोज पहाटे कुंडलिका नदीच्या वाळूत जायचा आणि हाक द्यायचा. "हेऽऽया." पुन्हा, "हेऽऽया." रक्त यायचं, थुंकायचा, जबडा धुऊन परत बसवायचा. मी आयुष्यभर वजन उचललं आहे. मेहनत कशाला म्हणतात ते मला कळतं. एवढी मेहनत मी कुठल्याच गठाणीला केलेली नाही.

दसऱ्याला हंगाम सुरू झाला. मुकादम कारभारी भला माणूस, त्याने कडूबाला घेतलं. अंगात ताकद नव्हती म्हणून त्याच्या कोपऱ्यावर पुंजाराम आला. कडूबाने आमच्या पाठीमागे, मालगाडीच्या डब्याच्या दाराशी उभं राहून फक्त हाक द्यायची.

पहिली गठाण. "हेऽऽयाऽऽ." आवाज तुटलाच नाही, घसरत गेला. मी लवकर उचललं, समोरच्या कोपऱ्यावरच्या मच्छिंद्रने उशिरा. गठाण कलंडली आणि फकरोद्दीनच्या अंगठ्याचं नख घेऊन गेली.

"मेरा हाथ फिसला," फकरोद्दीन मोठ्याने म्हणाला. "तेरी हाक बराबर थी."

दुपारी पाण्याच्या रांजणापाशी आम्ही चौघांनी ठरवलं. मी गठाणीला गुडघ्याने एक ठोका द्यायचा. दाबलेल्या कापसातून तो चारही हातांना कळतो, मागे उभ्या माणसाला दिसत नाही. ठोक्यावर उचलायचं. कडूबाला सांगायचं नाही.

संक्रांतीपर्यंत असं चाललं. गठाणी सरळ जात होत्या. कडूबाच्या चेहऱ्यावर तेज आलं. सगुणाबाई मला म्हणाली, "भाऊजी, ते म्हणून राह्यले, जबडा आता बसला. हाक लागून राह्यली. काल दोन भाकरी दुधात कुस्करून खाल्ल्या."

मी म्हणालो, "बराबर हाये वहिनी."

संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी दुसऱ्या थरावर गठाण चढवायची होती. मागून "वाकया" आलं. "धरया" आलं. उचलताना हमाल मागे पाहत नाही, गठाणीकडे पाहतो. मी सवयीने ठोका दिला. गठाण वर गेली, थरावर बसली. अगदी सरळ. जुन्या दिवसांसारखी.

मग मला कळलं की मागून तिसरा शब्द आलाच नव्हता.

मी वळलो. कडूबा हात वर करून, तोंड उघडं ठेवून उभा होता. तो आवाज न काढता थांबला होता, मुद्दाम. फकरोद्दीनने मान खाली घातली. पुंजाराम म्हणाला, "बाबा, अरे..."

कडूबाचं बोलणं तेव्हा मला आणि सगुणाबाईलाच समजायचं. तो म्हणाला, "बराबर उचलली."

त्याने जबडा काढला, रांजणापाशी जाऊन धुतला, धोतराच्या सोग्यात बांधला आणि चालायला लागला. मुकादमाने हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. म्हणालो, "कडूबा, तुह्यासाठीच केलं रे."

तो म्हणाला, "मंग मला सांगायचं व्हतं. मी घरी बसलो असतो. हाकेबिगर उचलू न्हाई, हे तुला कोणं शिकवल्तं?"

"तूच."

"मंग?"

मी चुन्याचं काढलं. वर्षभर मनात होतं ते बोललो. "मीच घालत व्हतो. तुहं तोंड म्या जाळलं."

त्याने हात हलवला, माशी हाकलावी तसा. "ते म्याच म्हणल्तं. त्याचं काय घिऊन बसला." मग तो भिंतीकडे तोंड करून निजला. चुना त्याने माफ केला. गुडघ्याचा ठोका नाही.

त्यानंतर त्याने जबडा बसवला नाही. तोंड एका बाजूला ओढत गेलं. मानेला रुमाल बांधायला लागला. थंडी आहे म्हणायचा. पाडव्याला उन्हात रुमाल पाहून सगुणाबाईने तो ओढून काढला. खाली गाठ होती, लिंबाएवढी, दगडासारखी. त्याला किती दिवसांपासून ठाऊक होतं ते त्याने सांगितलं नाही. आम्ही हैदराबादला नेलं. त्याच डॉक्टरांनी मान चाचपली आणि विचारलं, "लगेच का आला नाहीत?" कडूबाने रुमाल पुन्हा मानेला गुंडाळला.

जेठात तो गेला.

आंघोळ घातल्यावर सगुणाबाईने फडक्यातून जबडा काढला. "असं वाकडं तोंड घिऊन कसं जाऊ देऊ," म्हणाली. तिने स्वतःच्या हाताने तो बसवला. दवाखान्यात शिकली होती. तारा बरोबर अडकवल्या. चेहरा सरळ झाला.

तिरडीला आम्ही चौघं होतो. मी, फकरोद्दीन, मच्छिंद्र, पुंजाराम. वाकलो. धरलं. आणि थांबलो. चौघंही. तिघांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

मी ठोका दिला नाही.

"उचला की आता," सगुणाबाई म्हणाली.

त्याच्या अंगात वजन राहिलं नव्हतं. माझ्या अंदाजाने मणभरही नाही. तरी तिरडी वाकडी उचलली गेली. पायाकडची बाजू आधी वर गेली.