सातवाले मामा

आमच्या मामांना गावातल्या प्रत्येक माणसाचा खरा वाढदिवस ठाऊक होता. खरा म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचा नव्हे. दाखल्यावर अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. पोराची जन्मतारीख आईबापाला सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. "एका दिवशी एवढी पोरं व्हायला गावात सुइणी तरी किती होत्या?" असं मामा विचारायचे.

मामांचं गाव नाशिकला लागून आणि शेती गुलाबाची. पहाटे फुलं तोडून पंचवटीच्या बाजारात न्यायची आणि सातच्या ठोक्याला तिथूनच मोबाइलवर, समाजमाध्यमावरच्या गावाच्या पानावर, ज्याचा वाढदिवस असेल त्याला शुभेच्छा टाकायच्या, हा त्यांचा नेम. म्हणून गावात त्यांचं नाव सातवाले मामा. एकदा ते बाजाराच्या गल्लीत रिक्षांच्या गर्दीत अडकले, त्या गडबडीत सात वाजून गेलेले कळलेच नाहीत आणि शुभेच्छा दुपारी पडल्या. त्या गृहस्थांनी कितीतरी दिवस मामांचा रामराम घेतला नाही. मग मामा तडक माझ्याकडे आले. "पोरी, तुम्ही हापिसात ते आपोआप टाकता म्हणं. मला बी करून दे."

दिलं करून. संगणकावर एक शीट. त्यात तारीख, नाव, फोटो आणि मजकूर. ज्या ओळीवर आजची तारीख, ती ओळ सकाळी सातला आपोआप गावाच्या पानावर. पहिल्या वेळी घाईघाईत आम्ही दाखल्यावरच्याच तारखा भरल्या. एक जून उजाडला, शीटनं अर्ध्या गावाला एका दमात शुभेच्छा दिल्या, आणि हा काहीतरी उपद्रव आहे असं समजून पान चालवणाऱ्या कंपनीनं ते बंदच करून टाकलं. पान परत मिळवताना माझ्या नाकी नऊ आले. मामा मात्र गावाच्या वतीनं खजील झाले होते. "माणसाला त्याचा दिवस तरी त्याचा पाह्यजे," म्हणाले आणि घरोघर फिरायला लागले. कोणी सांगायचं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कोणी सांगायचं गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, मोठा पूर होता तेव्हा. मामा जुनी पंचांगं चाळून तारीख काढायचे आणि मग ती शीटमध्ये भरायचे.

मजकूर दरसाल नवा आणि तोही पुढच्या कैक वर्षांचा आधीच लिहिलेला. 'हार्दिक शुभेच्छा' या शब्दांचा त्यांना भारी कंटाळा. शेजारच्या भाऊंच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं, "यंदा तरी विहिरीला कठडा बांधा, नातू चालायला लागला." मी म्हटलं, मामा, हे दोन वर्षांनंतरचं आहे, तो नातू अजून पाळण्यात आहे. "मंग? तो काय माझ्यासाठी थांबणार हाय का?"

सगळं गाव भरून झालं, तरी मामीचं नाव दिसेना. मी आठवण केली तर मामा चिडलेच. "राह्यलं नाय ते. घरच्या माणसाला काय चावडीवर शुभेच्छा देत्यात का?" मामीचा जन्म चंपाषष्ठीचा. त्या पहाटे फुलांच्या जुड्या बांधायच्या आधी मामा त्यातलं सगळ्यात चांगलं फूल बाजूला काढायचे आणि पेलाभर पाण्यात घालून ओट्यावर, शेगडीशेजारी ठेवायचे. बोलायचे काही नाहीत. मामीही काही बोलायची नाही. वांग्याच्या भरीत-रोडग्याच्या खटाटोपात तिचं लक्ष मात्र त्या पेल्याकडे असायचं. मला त्यांचा हा मुका कारभार फार आवडायचा.

गावात कोणी गेलं की मामा स्मशानातून येऊन, आंघोळ करून, आधी त्या माणसाची ओळ काढायचे. कोंडाजीबाबा गेले तेव्हा मात्र ओळ काढायची राहिली. मामांनी स्वतः खांदा दिला होता, तरी राहिली. पुढे बाबांच्या वाढदिवसाला सात वाजता पान म्हणालं, "बाबा, शंभरी गाठा, जेवण माझ्याकडं." बाबांचा मुलगा डोळे पुसत घरी आला. मामांनी त्याला बसवलं आणि विचारलं, "बाबा नाय आले संगं?"

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. विसरणं वाढत जाणार, मागे फिरणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बिघडलेलं शीट मी घटकाभरात ताळ्यावर आणते, त्याचाच पगार घेते. इथे माझ्या हाती काही नव्हतं. मला त्या शीटचाच राग यायला लागला. मामांना माणसं आठवेनात आणि शीट मात्र बिनचूक सगळ्यांची थट्टा करत होतं. माझ्या वाढदिवसालाही सातला आलं, "भाचीबाई, आता तरी सायपाक शिका." मी हसत हसत फोन लावला तर मामांनी "आपण कोण?" म्हणून अदबीनं विचारलं. त्या दिवशी मी खूप रडले.

मी मामीला म्हटलं, बंद करून टाकते हे. तिनं माझा हात धरला. "नको गं. सातला ते पडतं, मंग ज्याचा दिवस तो पेढं घेऊन येतो, घटकाभर यांच्यापाशी बसतो. बंद झालं तर कोण यील?" खरंच होतं ते. माणसं यायची, मामांना मोबाइल दाखवायची. मामा आपलंच लिहिलेलं वाचून खदाखदा हसायचे आणि म्हणायचे, "कोणी लिव्हलं हे? माणूस लय हुशार दिसतो."

यंदा चंपाषष्ठीला मी मुद्दाम आदल्या दिवशीच गेले. मामीला विचारलं, तुझी एक ओळ घालू का, मामांच्या नावानं? "नको. त्यांनी नाय लिव्हलं, ते मला कशाला?" सकाळी सातला शीटनं गावातल्या कुणाला तरी शुभेच्छा दिल्या. शेगडीशेजारी काहीच नव्हतं. मामीनं दोनदा तिकडे पाहिलं, मग बाहेर गेली, वाफ्यातून एक फूल तोडलं आणि अंगणात उन्हाला बसलेल्या मामांच्या हातात दिलं.

मामांनी ते फिरवून पाहिलं. पारख गेली नव्हती. "झकास फूल हाय. कोणाला द्यायचं?"

"तुमच्या बायकूला," मामी म्हणाली.

"ती बाजारात गेली आसंल. आली म्हंजी देतो."

मामी आत गेली आणि रोडगे भाजायला लागली. मामांनी ते फूल दिवसभर हातातून सोडलं नाही. मी मागितलं तर मलाही दिलं नाही. जेवायला बसले तेही डाव्या हातात फूल धरून. मामी भरीत वाढायला वाकली, तेव्हा मामांनी मान वर करून काळजीनं तिलाच विचारलं, "ताई, आली का हो ती?"