आत्याबाईंची छागल

आत्याबाईंनी कधी कोणाकडे पाणी मागितलं नाही. तहान लागली, की त्या बोलणं कमी करत आणि पदराने ओठ पुसत. ओठ कोरडेच असायचे, पण पुसायच्या. ओळखणाऱ्याने त्यावरून ओळखायचं.

तारा, निहाल, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. त्या तुमच्या आजोबांच्या आत्या. बोरगावात एकट्या राहत, संत्र्यांच्या बागांमध्ये तोडणीला जात, आणि मनात आलं की सौंसरहून बस धरून आमच्याकडे पांढुर्ण्याला येत. हातात कापडी पिशवी आणि खांद्यावर छागल. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. एका कोपऱ्याला तोंड, त्याला लाकडी बूच. कापड ओलं राहतं, त्यावर वारा लागला की आतलं पाणी गार होतं. म्हणून आत्याबाई बसमध्ये ती खिडकीबाहेर लटकवत. मग मागच्या खिडकीतून आरडाओरडा.

"ओ बाई, अंगावर पाणी उडून राहिलं ना!"

"उडू दे बाप्पा. थंडा होशीन."

आणि त्याच माणसाने पुढे तहान लागल्यावर मान पुढे केली, की त्या बूच काढून छागल त्याच्यासमोर धरत. कोण, कुठला, काही नाही. "घे, पी. पण सांडू नको."

मी लग्न होऊन नागपूरहून आले तेव्हा नवीन सुनेच्या उत्साहाने त्यांना विचारलं, "आत्याबाई, पाणी देऊ?" त्या म्हणाल्या, "राहू दे." मी आत वळले, तर तुमचे आजोबा स्वयंपाकघराच्या दारातच उभे. हळूच म्हणाले, "आत्याला विचारायचं नाही. नेऊन द्यायचं." मी पेला नेला. त्यांनी एका दमात रिकामा केला.

पुढे एकदा मीच त्यांना कारण विचारलं. त्या उंबऱ्यात बसून संत्रं सोलत होत्या. साल एकसंध काढून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "देल्लं तं प्याव, सूनबाई. मागू नाई. मागतलं का समोरचा इचारते."

समोरचा काय विचारतो, हे मला सांगावं लागलं नाही. तुम्हाला मात्र सांगते, कारण तुम्ही जिथे वाढता तिथे हे कोणी सांगणार नाही. समोरचा जात विचारतो. आमच्या लोकांनी बुद्धाचा धम्म घेतला, त्याला तेव्हा जवळपास तीस वर्षं होत आली होती. जातीचं जुनं नाव आत्याबाईंनी त्या दिवशी टाकलं ते पुन्हा तोंडातून काढलं नाही. कोणी दुसऱ्याने काढलं तर त्या उठून जात.

माझं मत वेगळं होतं. मी इंग्रजी शिकवत असे आणि वर्गातल्या मुलींना रोज सांगत असे की विचारा, मागा, हात वर करा, गप्प बसणाऱ्याला काही मिळत नाही. घरी तुमचे बाबा, म्हणजे मिलिंद, तेव्हा सहा वर्षांचा आणि तुमची सुजाताआत्या तीनची. मिलिंद आत्याबाईंच्या मागेमागे असे. त्यांच्यासारखाच पाय मुडपून बसे, त्यांच्यासारखाच बाहीने ओठ पुसे. शेजाऱ्यांकडे खेळायला गेला तर तहानेने जीव कासावीस होईपर्यंत थांबे आणि मग पळत घरी येई. आत्याबाई त्याला जवळ ओढून म्हणत, "आपला मिलिंद्या राजा माणूस. मागत नाई."

हे मला सहन होत नसे. मी एकदा म्हणाले, "आत्याबाई, आता तसं राहिलेलं नाही. मुलांना कशाला ही भीती?"

"भीती कुठं वं? मी पानी घेऊन फिरतो, मंग मले कायची भीती?"

"पण त्याने मागायला शिकलं पाहिजे."

"तू शाळेतलं शिकव, मास्तरीनबाई. मी रस्त्यावरचं शिकवतो."

त्या उन्हाळ्यात तुमच्या आजोबांना नोकरीत प्रवासाची सवलत मिळाली आणि त्यांनी ठरवलं की बोधगया, सारनाथ करून सीमेपलीकडे नेपाळात लुंबिनीपर्यंत जायचं. आत्याबाईंना विचारलं, तर त्यांनी लगेच छागल धुऊन वाळत घातली. म्हणाल्या, "लुंबिनीचं पानी भरून आनीन."

आजोबा हसले. "आत्या, आपन तीर्थ-बिर्थ मानत नाई ना वं."

"तीर्थ कोन म्हनते? बुद्धाचं गाव हाय. तिथं कोनी इचारत नसन. तिथं मी मागून पीन."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मीच काम सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. पन्नाशी कधीच उलटलेल्या या बाईला आयुष्यात एकदा, एकाच ठिकाणी, पाणी मागून प्यायचं होतं. त्यासाठी ती आमच्याबरोबर निघाली होती.

प्रवास नीट व्हावा म्हणून मी बरीच तयारी केली होती. गाड्यांच्या वेळा, औषधं, मुलांचे कपडे, सगळं वेगवेगळं बांधलं होतं. गाडी इटारसीलाच रखडली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "मास्तरीनबाई, इंजनाले तुहा टायमटेबल दाखवला नाई वाटते." मे महिना. डब्यात पत्रा तापलेला, सुजाता अंगाला घामोळं येऊन किरकिर करणारी. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर आजोबा उतरून छागल भरून आणत आणि आत्याबाई ती खिडकीच्या गजाला बांधत. सबंध डबा त्या छागलीवर जगला म्हणा ना. बोधगयेला त्या पिंपळाखाली डोळे मिटून बसल्या, पण तिथे पाणी मागितलं नाही. सारनाथलाही नाही. "इथं नाई. तिथं."

गोरखपूरहून सीमेकडे जाणारी बस दुपारची मिळाली. मिलिंदला सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. मी साखर-मीठ घालून पाणी पाजलं होतं आणि तो बरा दिसत होता. बसमध्ये माणसांवर माणसं. एक म्हातारा घसा खाकरून छागलीकडे बघत होता. आत्याबाईंनी बूच काढलं. मग त्याच्या शेजारची बाई, मग तिची मुलं. मी म्हणाले, "आत्याबाई, आपल्याला राहू द्या." त्या म्हणाल्या, "पुढं भरून घेऊ ना."

पुढे बस बंद पडली. दोन्हीकडे कापलेली शेतं, लू म्हणतात तो भाजणारा वारा वाहत होता. कंडक्टर म्हणाला, दुसरी बस येईल. बरीच माणसं चालायला लागली. तुमचे आजोबा कंडक्टरबरोबर पुढच्या गावी काही वाहन मिळतं का बघायला गेले. आम्ही रस्त्याकडेच्या आंब्याखाली बसलो. सुजाता माझ्या मांडीवर, मिलिंद आत्याबाईंना टेकून. मी विचारलं, "पाणी हवं का रे?" त्याने मान हलवली. नको. मला वाटलं, झोप आली असेल.

नको नव्हतं. छागल रिकामी झालेली मी पाहिली नव्हती, त्याने पाहिली होती, म्हणून मागितलं नाही.

थोड्या वेळाने आत्याबाईंनी त्याच्या गळ्याला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. हाक मारली तर डोळे अर्धे उघडून पांढरे व्हायला लागले. मी उठले. समोरच, रस्त्यापलीकडे, एक घर होतं, अंगणात विहीर. पण मी सुजाताला खाली ठेवताच ती किंचाळायला लागली आणि माझा पदर सोडेना.

"तू बस," आत्याबाई म्हणाल्या. "पोट्ट्याच्या डोक्यापाशी माय पाहिजे."

त्यांनी छागल उचलली आणि रस्ता ओलांडला. अंतर इतकं कमी होतं की मला सगळं ऐकू येत होतं. त्या अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत. किती वेळ उभ्या होत्या सांगता येत नाही. मला तो फार लांब वाटला. मग त्यांनी आवाज दिला.

"बाई, पानी होना. बच्चा बेहोश हो रहा."

एक बाई बाहेर आली. तरुणच होती, डोक्यावरून पदर. तिने आंब्याखाली आमच्याकडे पाहिलं. वाईट नव्हती ती, तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. पण ती म्हणाली, "कौन लोग हो?"

आत्याबाई म्हणाल्या, "बौद्ध."

"वो कौन होते हैं?"

"बुद्ध भगवान के."

"वो तो ठीक है। पहले कौन थे?"

मी मनातल्या मनात ओरडत होते: काहीही सांगा, आत्याबाई. पांढुर्णा इथून शेकडो कोस दूर आहे, इथे तुम्हाला कोण ओळखतं? कोणतंही नाव सांगा. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. बसमध्ये सुजाताला मांडीवर घेऊन तिकीट वाचवायला त्यांनी तिचं वय कमी सांगितलं होतं. पण या बाबतीत त्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी जुनं नाव सांगितलं. मोठ्याने, स्पष्ट.

बाई आत गेली. येणार की नाही, कळेना. मग ती लोटा घेऊन आली आणि हात उंच करून वरून पाणी ओतायला लागली. आत्याबाई गुडघ्यांवर बसल्या आणि छागलीचं तोंड त्या धारेखाली धरलं. छागलीचं तोंड लहान असतं. अर्धं पाणी आत जात होतं, अर्धं त्यांच्या मनगटावरून मातीत. लोटा संपला की बाई आत जाऊन दुसरा आणत होती. तिने चार वेळा दिलं असेल, पाच वेळा. देण्यात कंजूषपणा केला नाही. लोटा मात्र हातात दिला नाही.

मिलिंदच्या डोक्यावर, छातीवर ओलं फडकं ठेवलं, चमच्या-चमच्याने पाजलं. आजोबा जीप घेऊन आले तोवर त्याने डोळे उघडले होते. आत्याबाईंनी त्या पाण्याचा थेंब घेतला नाही. जीपमध्ये ओठ पुसत बसल्या होत्या. मी एका दुकानापाशी जीप थांबवून त्यांच्या हातात सोड्याची बाटली ठेवली, तेव्हा प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही लुंबिनीला पोहोचलो. ओसाड माळ, एक स्तंभ, जुन्या विटा, झाडाच्या सावलीत एक तळं. जवळ नळ होता आणि त्यापाशी एक चीवरधारी भिक्खू भांडी विसळत होते. आजोबा म्हणाले, "आत्या, माग ना. तू म्हणत होती ना?" आत्याबाई काठावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मागतलं ना बाबू. काल मागतलं. झालं आता."

मिलिंद उठला. अजून पाय लटपटत होते. त्याने नळाखाली पेला धरला, भरला आणि न विचारता आणून आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि प्यायल्या. छागल रिकामीच परत आली.

त्यानंतर त्यांनी प्रवास केला नाही. बोरगावला बस थांबते तिथल्या कडुनिंबाखाली त्यांनी एक माठ मांडला आणि वर लांब दांडीचा ओगराळा ठेवला. ज्याला हवं त्याने आपल्या हाताने घ्यावं. रोज पहाटे भरत, तोडणीवरून आल्यावर पुन्हा भरत. मी भेटायला गेले तेव्हा तिथेच बसले होते. एक धोतरवाले गृहस्थ बसमधून उतरले, ओगराळ्याला हात घातला आणि थबकले. "बाई, कोनाचा माठ हाय हा?"

आत्याबाईंनी आपलं नाव सांगितलं, वस्ती सांगितली. गृहस्थ ओगराळा ठेवून उन्हात चालू पडले.

मला राग आला. आत्याबाई माठावरचं फडकं सारखं करत म्हणाल्या, "तहान लागली नसन त्याले."

ऐंशीचं दशक संपता संपता त्या गेल्या. शेवटचे दिवस सौंसरच्या दवाखान्यात होत्या. जीभ कोरडी पडली तरी नर्सला हाक मारत नसत. मी शाळेला रजा टाकून शेजारी बसले आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. हात पदराकडे सरकला की मी चमचा पुढे करत असे. एकदा त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "मास्तरीन, शिकली वं तू." त्यानंतर त्यांचं बोलणं मला समजलं नाही.

तुमच्या बाबांची गंमत तुम्ही मला फोनवर सांगता: कुठेही जायचं असलं की कपड्यांआधी पाण्याच्या बाटल्या भरतात, विमानतळावर फेकाव्या लागतात, तरी भरतात. तुम्ही हसता. मी हसत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

गेल्या थंडीत तुम्ही आलात तेव्हा नागपूरहून येताना सौंसरच्या पुढे गाडीचं चाक पंक्चर झालं. आठवतं ना, तारा? सगळे चाकाभोवती होते आणि तू कोणाला न सांगता समोरच्या घराच्या अंगणात शिरलीस. मी वळून पाहिलं तेव्हा तू दाराशी उभी होतीस आणि तुझ्या त्या परदेशी मराठीत मोठ्याने म्हणत होतीस, "काकू, मला पाणी पाहिजे."

तुझे बाबा हातातला पाना टाकून धावले. गाडीतून बाटली घेतली, बूच काढत काढत अंगणाच्या कडेपर्यंत गेले आणि तिथे थांबले. आत गेले नाहीत. मी त्यांच्या मागे. आम्ही दोघंही त्या घरातून येणाऱ्या प्रश्नाची वाट बघत उभे होतो.

बाई पदराला हात पुसत बाहेर आली. तुझ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"फ्रिजचं देऊ का साधं?"

"साधं," तू म्हणालीस आणि तिच्या हातातून पेला घेतलास.

"तुम्ही बी या ना भाऊ, तिकडे काहून उभे राहिले?"

तुझ्या बाबांनी मान हलवली. नको. मग बाहीने ओठ पुसले.