पुलावरचा ड्रायव्हर

ड्रायव्हरकाकांना नाही म्हणता येत नसे, आणि लोकांना ते पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्यांच्या जुन्या वाहतूक पलटणीचं स्मारक उभारायचं ठरलं तेव्हा वर्गणीचा डबा आपसूक काकांच्याच गळ्यात पडला. शाळेतून निवृत्त होऊन समितीच्या अध्यक्ष झालेल्या हेडबाई त्यांना दुकानोदुकानी पुढे उभं करत आणि म्हणत, "हेच ते. गोळीबारात पुलावरून नऊ खेपा मारल्या यांनी." लगेच कुलूपवाला, चष्मेवाला गल्ल्यात हात घालत. काका आपले बुटांकडे बघत राहत. लोकांना वाटे, केवढा हा विनय! विनय कसला, मान वर करायची लाज वाटे.

कारण त्या दिवशी काका पुलावर नव्हतेच. दाढ ठणकत होती हे खरं, पण दाढेपेक्षा भीतीच मोठी होती. त्यांचा ट्रक नेला तो उंच्याने, त्यांच्या जोडीदाराने, आणि त्याच्या जागी काका डेपोत राहिले. पलटणीतल्या ड्रायव्हरांची ही रीतच होती. "तू माझी घे, मी तुझी घेतो," एवढ्यावर ड्यूटी बदलायची, रजिस्टरला हात लावायचा नाही. साहेबाला कळलं तर दोघांनाही कोठडी. म्हणून उंच्याने बजावलं होतं, "तोंड उघडायचं नाही. तूही नाही, मीही नाही." पुढे रजिस्टर बघून पदक आलं ते काकांना. उंच्या हसून हसून बेजार झाला. म्हणाला, "माझ्या छातीवर तसंही ते वाकडंच दिसलं असतं." चाळीस वर्षं काका मूग गिळून बसले. दोन वर्षांपूर्वी उंच्या गेला.

आता दगडावर नावं कोरायची होती. समोर पूल ओलांडलेल्यांची, मागच्या बाजूला डेपोत राहिलेल्यांची. पाथरवटाने यादी तपासायला दिली. समोर काका, मागे उंच्या. मागची बाजू येणार होती मुतारीच्या भिंतीकडे. काकांनी यादी बायकोला दाखवली. घरात फक्त तिलाच सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "सांगून मोकळे व्हा एकदाचे. नाहीतर त्या दगडाखाली तुम्हीच जाल."

शेवटची सभा शाळेच्या वर्गात होती. सगळे लहान मुलांच्या बाकांत गुडघे अडकवून बसलेले. काका कसेबसे उठले.

"पुलावर मी नव्हतो. ट्रक उंच्याने नेला होता. आमची नावं बदला."

मग हेडबाईंनी डोळे टिपले. "गेलेल्या मित्राला स्वतःचा मान द्यायला निघालेत. माणूस असावा तर असा."

टाळ्या पडल्या.

"अहो, खरंच सांगतोय मी," काका म्हणाले. टाळ्या वाढल्या. चष्मेवाल्याने तिथल्या तिथे वर्गणी दुप्पट केली. हेडबाईंनी तर रजिस्टरची नक्कलच वर धरली, म्हणजे काकांच्या मोठेपणाचा पुरावाही झाला.

काकांना एकच आशा उरली. मागच्या बाकावर उंच्याची बायको बसली होती. इस्त्रीचं दुकान चालवून ती दर महिन्याला न चुकता डब्यात काहीतरी टाकायची. टाळ्या वाजवत नव्हती ती एकटीच. सभा पांगल्यावर काका तिच्यापाशी गेले.

"वहिनी, तुमच्यापाशी तरी तो बोलला असेल."

"बोलायचे ना," वहिनी म्हणाल्या. "मुलं विचारायची, तर सांगायचे, मी डेपोत होतो, टायर बदलत होतो. जायच्या आदल्या दिवशीही तेच म्हणाले." त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "भाऊजी, तुम्ही प्रेमापोटी बोललात, कळतं मला. पण ते माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. आता त्यांच्या माघारी त्यांना खोटं पाडू नका."

उंच्याने शब्द पाळला होता, अगदी बायकोपाशीसुद्धा.

दारात पाथरवट यादी घेऊन थांबला होता. "मग काका, आहे तसंच कोरू ना?"

काकांनी यादी घेतली, मागच्या बाजूला उंच्याचं नाव नीट लिहिलंय ना तेवढं पाहिलं, आणि म्हणाले, "कोर."