घडी मोडायचा मान

काकी कुठलाही कपडा आधी उलटा करून बघायची. दुकानदार फ्रॉक उलगडून, झालर फुलवून, दोन्ही हातांनी नाचवत असायचा आणि काकी शांतपणे तो त्याच्या हातातून काढून घेऊन आतली बाजू बाहेर करायची. शिवणीत बोट घालून ताणायची, गळ्याची पट्टी चाचपायची, अस्तर आहे की नुसती अस्तराची बतावणी आहे ते बघायची. मग जाळीचं टोक स्वतःच्या हनुवटीखाली गळ्यावर घासायची. "टोचायलंय," एवढंच म्हणून परत द्यायची. रंग, मणी, फुलं हे सगळं नंतर. "वरून समदेच कपडे चांगले असतेत. लेकराच्या अंगाला आतली बाजू लागती," हे तिचं वाक्य सेलूच्या बाजारातल्या बहुतेक दुकानदारांना पाठ होतं आणि त्यातल्या एकालाही ते आवडत नव्हतं.

ही माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आमचं घर वालूरचं. गल्लीत तिला फराकवाली काकी म्हणत. तिला नवा कपडा शिवता येत नव्हता, तिचं दुकान नव्हतं. तिला फक्त निवडता यायचं. दिवाळी आली, कुणाचं लग्न निघालं, कुणाच्या पोराचं जावळ ठरलं की बायका हातातली कामं टाकून काकीला न्यायला यायच्या. सेलूला, कधी पाथरीला, कार्य मोठं असलं तर परभणीला. जाताना जीपमध्ये खिडकीची जागा तिची, येताना रसवंतीवरचा पहिला ग्लास तिचा. गरज असली की आमच्याकडची माणसं फार गोड वागतात.

स्वस्तात उठून दिसणारं कसं घ्यायचं, हे तिला उपजतच कळत होतं. दुकानदारानं पुढं टांगलेलं ती कधीच घ्यायची नाही. गठ्ठ्याच्या तळाचा, घडीवर धूळ बसलेला, कुणी न विचारलेला कपडा ती ओढून काढायची. मामाच्या लग्नात गावातल्या झाडून सगळ्या पोरी चमकीच्या जाळीदार घेरदार झग्यांत अंग खाजवत रडत होत्या. आम्ही बहिणी हळदीच्या रंगाच्या साध्या सुती फ्रॉकमध्ये होतो. खाली हिरवा रुंद काठ, बाकी काही नाही. तीन बायकांनी आईला विचारलं, हैदराबादहून मागवले का? आईनं मान डोलावली. काकी शेजारीच उभी होती. ती नुसती हसली.

तिचं आणि आईचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. आमच्याकडं लेकरांना वाढत्या अंगाचा कपडा घ्यायची रीत. म्हणजे पहिल्या वर्षी बाह्या दुमडायच्या, दुसऱ्या वर्षी खांदे जागेवर यायचे आणि तिसऱ्या वर्षी कपडा अंगाला नीट बसायला लागला की त्याचा रंग गेलेला असायचा. काकीला हे बघवायचं नाही. "अक्का, लेकरू आज नटणार हाय," ती आईला म्हणायची. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी." मग खालून भरपूर कापड आत दुमडून शिवलेला फ्रॉक ती शोधून काढायची, म्हणजे उसवून लांब करता येईल. आईचं समाधान आणि आमची हौस दोन्ही त्या दुमडीत बसायचं.

कपडा पसंत पडला की परीक्षा. काकी दुकानातल्या स्टुलावर बसायची. अंगात कपडा आई घालायची. काकी लांबूनच फर्मान सोडायची, "बस. मांडी घाल. आता ऊठ. दोनी हात वर कर. पळ जरा." लेकरू कार्यात जेवायला खाली बसणार, खेळणार, झाडावर चढणार; नुसतं आरशासमोर पुतळ्यासारखं उभं राहून चांगला दिसणारा कपडा तिला चालायचा नाही. दुकानात फ्रॉक घालून पळताना मला फार ऐट वाटायची. काकी स्टुलावरून उतरत का नाही, स्वतःच्या हातानं आम्हाला कपडा का घालत नाही, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. मला वाटायचं, परीक्षा घेणारी माणसं बसूनच असतात.

त्याचं उत्तर घरी होतं. आमच्याकडं लेकराच्या नव्या कपड्याची घडी लेकुरवाळीनं मोडायची असते. कपड्याच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावायचं, देवापुढं ठेवायचा आणि जिची लेकरं जगलीवाचली आहेत तिनं तो लेकराच्या अंगात घालायचा. काकीला मूल झालं नाही. दिवाळीच्या पहाटे आई एकेकाला पाटावर बसवून नवे कपडे घालायची आणि काकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. तिथून पुढं यायची नाही. पण नजर कुठं गप्प बसणार? "अक्का, कॉलर आत गेली," ती दारातूनच सांगायची. "अक्का, नाडी डाव्या अंगाला घ्या." आई कॉलर बाहेर काढायची. काकी मान हलवायची आणि करंज्यांकडं वळायची.

मी एकदा आईला विचारलं होतं, काकीच का नाही घालत? आई म्हणाली, "तिच्या हातानं न्हाई चालत." का, तर चालत न्हाई म्हणजे चालत न्हाई. पुढं शेजारच्या बायकांच्या कुजबुजीतून तो शब्द कळला. वांझ. त्या शब्दाचा मला आजही संताप येतो. तिची पारख चालायची, तिची पायपीट चालायची, दुकानदाराशी घासाघीस करून बसलेला तिचा घसा चालायचा. हात तेवढा चालायचा नाही.

एकदा घडी मोडली की मात्र तो कपडा काकीला मोकळा. दुसऱ्या दिवसापासून आमचे कपडे तिचेच असायचे. तुटलेलं बटण, उसवलेली बाही, गुडघ्यावर फाटलेली विजार, सगळं आम्ही तिच्याकडं न्यायचो. मळलेला फ्रॉक ती अशी काही हळुवार अंगातून काढायची की नवा घालताना आईनं कधी तेवढं जपलं नाही.

मी अकरा वर्षांची झाले तेव्हा खांदे पाडून, वाकून चालायला लागले. आई पाठीत धपाटे घालायची, नीट चाल म्हणून.  काकीनं मात्र पाथरीच्या बाजारातून माझ्यासाठी एक कुडता आणला, छातीवर आडवी दुहेरी झालर असलेला. लहान पोरींसारखा फुगीर घेर नाही, बायकांसारखी ओढणी नाही. "ह्या वयाचं लेकरू ना फराकीत बसतंय, ना ड्रेसात. दुकानदाराला त्याचं माप ठावं न्हाई," ती आईला सांगत होती. तो कुडता घालून मी सरळ उभी राहिले. अंगात आईनंच घातला होता, हे वेगळं सांगायला नको.

पुढं मी शिकले, परभणीला नोकरी लागली, तिथलीच झाले. मला मुलगी झाली, ओवी. तिच्या पहिल्या वाढदिवसाला घडी काकीच मोडेल, हे मी मनाशी ठरवून टाकलं. काकीला सांगितलं तर ती उठून आतच गेली. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा "येडी का खुळी" म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं पिशवी उचलली. फ्रॉक निवडायला तिनं परभणीतलं एक दुकान सोडलं नाही. शेवटी पांढरा मऊ सुती फ्रॉक घेतला, मोरपंखी काठाचा.

वाढदिवसाला ती ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून आली. नखं कापलेली होती. कोमट पाण्यानं हात धुतले, काचेच्या बांगड्या कोपराकडं वर सारल्या, लेकराला खरचटू नये म्हणून. मी ओवीला मांडीवर घेतलं. काकीनं फ्रॉक उचलला आणि त्याची एक घडी उलगडली. तेवढ्यात आई हळदकुंकू घेऊन बाहेर आली.

आई ओरडली नाही. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. काकीला म्हणाली, "हिला कळत न्हाई, ही शिकलेली हाय. तुला तर कळतंय ना?"

"मी नुस्तं धरलं होतं, अक्का," काकी म्हणाली.

मी काय काय बोलले ते आता आठवतही नाही. पाहुण्यांसमोर बोलले, आवाज चढवून बोलले. पाहुणे छताकडं बघत बसले, माझा नवरा फुगे बांधत राहिला आणि ओवीनं भोकाड पसरलं. काकीनं उलगडलेली घडी होती तशी परत घातली, फ्रॉक आईच्या हातात दिला आणि माझ्याजवळ आली. "भांडू नको पोरी. लेकराला उद्या साधा ताप जरी आला तरी ते मला जल्मभर खाईल." आईनं फ्रॉक घातला. फोटो निघाले. स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "अक्का, मागचं बटण एक सोडून लागलंय."

आईचा मला राग आला, तो आजतागायत उतरला नाही. पण त्याहून जास्त राग एका गोष्टीचा आला आणि ती मला यंदा कळली. ओवी आता अकरावं पूर्ण करत आली. तीही वाकून चालायला लागली होती. मोबाईलवर बघून मी मागवलेला एकही ड्रेस तिला पसंत पडेना. शेवटी वाढदिवसाच्या बऱ्याच आधी काकीला बोलावून घेतलं. ऐन वेळी घेतलेला कपडा दुकानदाराच्या मनाचा असतो, असं तिचं मत होतंच. परभणीच्या एका नव्या दुकानात गेलो. काचा, थंडगार हवा, कपडे बदलायला आरशाची खोली. काकीनं सगळे हँगर मागं-पुढं करून कोपऱ्यातला एक निळा ड्रेस काढला. उलटा केला, गळ्याला घासला. छातीवर दुहेरी झालर, वर छोटीशी कॉलर. मी त्या झालरीवरून बोट फिरवलं. 

ओवी आत गेली आणि आतून हाक आली, "छोटी आजी, चेन लागत नाही. ये ना."

आई तिथं नव्हती. ती वालूरला होती. त्या दुकानात आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. दार लावलं की आत फक्त काकी आणि ओवी. मी काकीला म्हणाले, जा. काकीनं त्या दाराकडं बघितलं. एक पाऊल टाकलंसुद्धा. मग ती हँगर सारखे करायला लागली आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "तू जा. तुझ्या हातानं बराबर लागंल." मी आत जाऊन चेन लावली. ओवी बाहेर आली. काकीनं तिला बसवलं, उठवलं, हात वर करायला लावले. ओवी आरशासमोर ताठ उभी राहिली. "ह्योच घे," काकी म्हणाली. आईनं तिला इतकी वर्षं अडवलं होतं. आता आईची गरजच उरली नव्हती.

पुढच्या महिन्यात काकी गेली. सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्याशीच खाली बसली, ती उठलीच नाही. काका मागं राहिले, म्हणजे काकी अहेव गेली. मग काय विचारता. सगळी गल्ली लोटली. तिला हिरवं लुगडं नेसवलं, आईनंच नेसवलं. बायका तिच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन स्वतःला लावत होत्या, आपापल्या लेकींना लावत होत्या, कडेवरची लेकरं तिच्या पायावर घालत होत्या. भाग्याची गं बाई, म्हणत होत्या. त्यातल्या कितीजणींच्या लेकरांचे कपडे तिनं निवडले होते! जिवंत होती तेव्हा यांना तिचा हात नको होता. आता पाय चालत होते. मी कोपऱ्यात दात आवळून बसले. आई मोठ्यानं रडत होती. खरं रडत होती, हेही सांगते. पण मला तिच्याजवळ जावंसं वाटलं नाही.

ओवीचा वाढदिवस आला. केक नको, पाहुणे नकोत, पण छोट्या आजीचा ड्रेस घालणारच, असं ओवीनं सांगून टाकलं. आई वालूरहून आली. सकाळी हळदकुंकवाची वाटी घेऊन ड्रेस शोधायला लागली, तर तो जागेवर नव्हता. ओवी स्वतःच घालून बाहेर आली. कुणी हळद लावली नाही, कुणी घडी मोडून दिली नाही. निळा रंग तिला शोभत होता. ती ताठ उभी होती. एका बाजूची कॉलर आत गेली होती.

माझी नजर आपोआप स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली. आईचीही गेली. दारात कुणी नव्हतं.

"कॉलर आत गेली," आई म्हणाली.  वाटी खाली ठेवून ती ओवीकडं आली आणि तिनं हात पुढं केला.

"राहू दे," मी म्हणाले. "तू हात लावू नकोस."

आईनं माझ्याकडं बघितलं. मग पुढं केलेला हात तिनं मागं घेतला आणि ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.