दादाचे स्पीकर

माझा दादा हट्टी. सुंभ जळेल, पण याचा पीळ जायचा नाही. तीस वर्षं दुकानामागच्या खोलीत बसून त्यानं स्वतः स्पीकर बनवले. लाकूड स्वतः कापायचं, तारांना डाग स्वतः द्यायचे, आणि शेवटी आवाज जुळवायचा तो निव्वळ कानानं. मोजायचं यंत्र घे म्हटलं की उसळायचा, "माझे कान काय भाड्यानं दिलेत?"

पुढचं दुकान माझं. एका फळीवर मोठ्या कंपनीचा माल, समोरच्या फळीवर दादाचा. गिऱ्हाइकं विचारायची, "ताई, कुठले घेऊ?" मी म्हणायची, "कंपनीचे घेतलेत तर वॉरंटी मिळेल. याचे घेतलेत तर हा मिळेल. बिघडले तर स्वतः घरी येतो, आणि चहा घेतल्याशिवाय हलत नाही." लोक हसायचे आणि बरेचदा दादाचेच न्यायचे.

दोन वर्षांपूर्वी पहिली जोडी परत आली. "आवाज कानात टोचतो हो." मग दुसरी, तिसरी. मी लावून ऐकली, तर खरंच, गाण्यातली झांज नुसती सुईसारखी घुसत होती. तेव्हाच मला कळून चुकलं. बारीक आवाज दादाला ऐकू येईनासे झाले होते, म्हणून स्वतःला ऐकू येईपर्यंत तो ते वाढवत होता. सांगायला हवं होतं. माझी छाती झाली नाही. आवाज जुळवणं गेलं तर या माणसाकडे उरणार काय? परत आलेल्या जोड्या मी माळ्यावर चढवल्या आणि सांगत राहिले, "खपल्या रे." तोही खुळा, आणखी बनवत राहिला.

परवा एक रिटायर झालेल्या शिक्षिका आल्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याला गाणी ऐकवायची होती. नेमका दादा दुकानात. दोन्ही जोड्या वाजवून दाखवल्या. बाईंनी कंपनीच्या जोडीकडे बोट केलं. "रागावू नका हं, पण तुमचे फार कर्कश वाटतात. आजारी माणसाला सोसायचे नाहीत."

"कर्कश?" दादा भडकला. मला म्हणाला, "ती तपासणीची सीडी लाव. होऊन जाऊ दे!"

त्या सीडीत एक शिट्टी असते, हळूहळू चढत जाणारी. ती थांबली की दादा टिचकी वाजवायचा, कधी चुकला नव्हता. मी लावली. शिट्टी चढत गेली. बाईंनी कानांवर हात ठेवले. दादाची टिचकी मध्येच वाजली.

"बंद का केलीस गं?" तो म्हणाला.

शिट्टी अजून वाजतच होती. त्यानं बाईंचे कानांवरचे हात पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"आणि खपलेल्या जोड्या?"

मी माळ्याकडे बघितलं. त्यानंही बघितलं.

कंपनीची जोडी त्यानं स्वतः खोक्यात भरली, दोरी बांधली, बाईंना दारापर्यंत नेऊन दिली. परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"माझे कान गेले, ते गेले," तो म्हणाला. "तुझ्या जिभेला काय झालं होतं?"

मागच्या खोलीला त्यानं आतून कडी घातली.