अक्काला सापडलेला रफू

राजलक्ष्मीअक्काने केलेला रफू मला दिसला, असं म्हणणारा माणूस बेंगळुरूत अजून निघायचाय. घरचा धंदाच तो. "टाका दिसता कामा नये, कळलं?" असं वडील, विठोजीअण्णा, रोज सांगायचे. पोरीने ते इतकं मनावर घेतलं की पुढे दुकान बंद पडलं, तरी बोटं काही स्वस्थ बसेनात.

म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी इंदिरानगरच्या एका जुन्या कपड्यांच्या संग्रहात नोकरी लागली, तेव्हा बाई हरखून गेली. आनेकलहून दोन बस बदलून यायची, पण तक्रार नाही. इथे कुणी "संध्याकाळी लग्न आहे अक्का, आटपा!" म्हणून डोक्यावर बसत नव्हतं. पुढ्यात रेशीम आणि हाताशी वेळच वेळ. आणखी काय हवं हो!

फक्त तिथला नियम उफराटा. संग्रहाच्या प्रमुख संयोगिता पुण्याहून आलेल्या, अक्काच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अक्का, आपण कपडा नवा करत नाही, जसा आला तसा टिकवतो. विचारल्याशिवाय टाका घालायचा नाही, आणि घातलाच तर तो दिसला पाहिजे." अक्का मान डोलावत "सरी, सरी" म्हणाली होती.

आणि या शुक्रवारी काय केलं? सव्वाशे वर्षांचा मोतिया रंगाचा रेशमी झगा टेबलावर आला. घेरावर जळल्याचं मसुराएवढं भोक. सोमवारी एक अभ्यासक बाई खास ते भोक बघायला येणार होत्या. मेणबत्तीने जळलं की इस्त्रीने, ते करपलेल्या कडांवरून ठरायचं होतं. संयोगिता जेवायला गेल्या आणि अक्काला ते भोक काही बघवेना. झग्याच्याच दुमडीतले चार धागे काढून तिने रफू करून टाकला. निदान करपलेल्या कडा तरी कापल्या नाहीत!

संयोगिता परत आल्या, झगा उलटापालटा केला. "अक्का, भोक कुठंय?"

"अय्यो!" अक्काने जीभ चावली. आपण काय करून बसलो ते तिला आत्ता कळलं.

संयोगिता ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "पाचच्या आत उसवून भोक होतं तसं करा. नाहीतर सोमवारपासून तुम्हाला ठेवता यायचं नाही मला."

अक्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी आवडती नोकरी, आणि जाणार ती स्वतःच्याच कसबापायी! बरं, उसवायचं तरी कुठे? घेराला ढीगभर चुण्या, आणि तिचा रफू आता तिलाच सापडेना. मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत ती भिंग घेऊन एकेक चुणी चाचपू लागली.

साडेचारला बोटाला किंचित जाड लागलं. खालून दिवा धरला. हुश्श, सापडला! शेवटचा टाका उलटा वळवलेला, अगदी अण्णांनी शिकवला तसा. तिने कात्रीचं टोक लावलं आणि हात जागीच थांबला. घेरावर चहाचा जुनाट डाग होता, तो कापडावरून सरळ या रफूवर पसरला होता. आज दुपारच्या रफूवर इतका जुना डाग कसा असेल? म्हणजे हा रफू डागाच्याही आधीचा. दुसऱ्याच कुणाचा, पण तिच्याच घरच्या पद्धतीचा! अक्काच्या अंगावर काटा आला.

तिचा स्वतःचा रफू तिथून दोन चुण्या पलीकडे निघाला. तो उसवला, भोक करपलेल्या कडांसकट जागेवर आलं.

मग तिने संयोगितांना तो जुना रफू दाखवला. त्यांनी भिंग तीनदा पुसलं. "अकरा वर्षं झगा आमच्याकडे आहे. किती जणांनी तपासला, कुणालाच दिसला नाही हा!" मग त्या हसल्या. "सोमवारी लवकर या. पाहुण्यांना हा तुम्हीच दाखवायचा."

आता उरला संग्रहाचा आणखी एक नियम. जुन्या दुरुस्तीशेजारी लाल दोऱ्याची खूण घालायची, कुणालाही दिसेल अशी. अक्काने दोरा ओवला, पण सुई काही खाली जाईना.

"माफ करा हं, अण्णा," ती त्या रफूला म्हणाली. "इतकी वर्षं कुणाला सापडला नव्हतात तुम्ही." आणि तिने टाका घातला.